उसना नमुना

लॅबमधून आणलेली प्लास्टिकची डबी सरांनी बाथरूमच्या खिडकीत ठेवली, आतून कडी लावली आणि ते बराच वेळ तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले.

"झालं का?" बाहेरून बायकोने विचारलं.

"होतंय," सर म्हणाले.

होत काहीच नव्हतं. थोड्या वेळाने सर कोरडी डबी घेऊन बाहेर आले. "सकाळची पहिली लागते म्हणे, आता उद्याच," असं सांगून ते पेपर वाचायला बसले. काल हेच कारण त्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

सर एका मोठ्या शाळेचे उपमुख्याध्यापक होते आणि तिथल्या सगळ्या परीक्षा त्यांच्या ताब्यात असत. कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे त्यांना वर्गात शिरल्याशिरल्या वासावरून कळतं, अशी मुलांमध्ये त्यांची ख्याती होती. मधुमेह त्यांच्याकडे कित्येक वर्षं जुन्या भाडेकरूसारखा राहत होता. तो आवाज करत नव्हता, म्हणून सरही त्याच्या खोलीत कधी डोकावले नव्हते. गोळी आठवली तर घ्यायची आणि गोड कुणी बघत नसताना खायचं, एवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं.

त्यात डॉक्टरबाईंनी खोडा घातला. या डॉक्टरबाई सरांच्याच विद्यार्थिनी, कायम पहिल्या बाकावर बसणाऱ्या.

"सर, इतक्या वर्षांत लघवीतलं प्रोटीन एकदाही तपासलं नाहीत?" त्यांनी विचारलं होतं.

"मला काही त्रासच नाही."

"किडनी त्रास देत नाही, सर. मधुमेहात ती गुपचूप बिघडत जाते. बोंब मारते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी सापडलं तर सांभाळता येतं. म्हणून रक्त आणि लघवी दरवर्षी तपासायची."

आपण जिला पहिला नंबर दिला तिने आपल्याला नापास करावं, ही कल्पना सरांना सोसवेना. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचे थोरले भाऊ साखरेपायीच किडनीला मुकले होते. शेवटी शेवटी ते यंत्राला जोडलेले असत आणि सर भेटायला गेले की भावाच्या तोंडाकडे न बघता यंत्राच्या दिव्यांकडे बघत बसत. तेव्हापासून सरांच्या मनाने पक्कं घेतलं होतं, की तपासतात म्हणून निघतं. न तपासणाऱ्याचं काही निघाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

याच दिवसांत बायकोचा मोठा भाऊ त्यांच्याकडे मुक्कामाला होता. त्याच्या घरी रंगकाम चालू होतं आणि रंगाचा वास आपल्याला मानवत नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्याची बायको मात्र रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला तिथेच राहिली होती. तिला वास मानवतो की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. या मेव्हण्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती तो कधीच खेळला नव्हता. दंडांकडे बघून लोकांनी ठेवलेलं नाव त्याने पदवीसारखं वापरायला घेतलं होतं, इतकंच. थंड पाण्याची अंघोळ, मैदानाला फेऱ्या, दुधातून कसलीशी प्रोटीनची पावडर, असा त्याचा दिनक्रम होता. "दवाखान्याची पायरी चढलो नाही अजून," हे तो विचारलं नाही तरी सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर डबी खिशात घालून गॅलरीत गेले. पैलवान जोर काढत होता.

"पैलवान, शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे," सर म्हणाले. "मुलांना निरोगी माणसाच्या लघवीचा नमुना दाखवायचाय. पण तसा माणूसच मिळत नाहीये."

पैलवान अर्ध्या जोरात थांबला. "मिळणार कसा. लोक राहतात कुठे नीट."

"तुम्ही दिलात तर..."

"आणा इकडे. काठोकाठ देऊ का?"

"थोडी पुरे."

"नाव लिहाल ना वरती?"

"प्रदर्शनात नावं लिहीत नाहीत."

"मग वय तरी लिहा. वय वाचलं की मुलांना कळेल काय चीज आहे ते."

त्या डबीवर स्वतःचं नाव लिहिताना सरांनी दोनदा मागे वळून बघितलं. सवय नव्हती. रक्त मात्र त्यांना लॅबमध्ये जाऊन स्वतःचंच द्यावं लागलं, त्याला इलाज नव्हता. परत येताना ते शीळ घालत आले, आणि पुढचे दोन दिवस पैलवान "मुलं काय म्हणाली?" असं विचारत राहिला, तेव्हा "थक्क झाली" असं सांगत राहिले.

रिपोर्ट बायकोच्या फोनवर आला, कारण असल्या ठिकाणी सर नेहमी तिचाच नंबर देत.

"अहो, हे लाल अक्षरांत काय आहे?"

सरांनी हसत हसत फोन हातात घेतला. रक्तातली साखर वाढलेली होती. ती अपेक्षितच होती. रक्तात किडनीचं म्हणून जे बघतात ते ठीक होतं. आणि त्याखाली लघवीतलं प्रोटीन, हवं त्याच्या कितीतरी पट.

सरांनी तो आकडा दोनदा वाचला. मग त्यांना आठवलं, की हे आपलं नाहीच. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात गॅलरीतून जोर काढण्याचे हुंकार ऐकू आले. म्हणजे ते पैलवानाचं होतं. जन्मभर कॉपी पकडणाऱ्या माणसाने उतारवयात एकदाच कॉपी केली, तीही नापास होणाऱ्या मुलाच्या पेपरावरून.

बायको ओरडली नाही. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली आणि खारे दाणे, वेफर्स, सॉसच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे असं सगळं एका पिशवीत भरून शेजारी देऊन आली. मिठाची बरणी तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवली. तिथे एरवी फक्त पैलवानाचा हात पोचत असे.

"काय झालंय काय नेमकं?" पैलवानाने विचारलं.

"यांच्या लघवीतून प्रोटीन जातंय."

"जातंय ना? मग भरपाई करायला हवी," असं म्हणून तो पावडरचा डबा घेऊन आला. बहिणीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. तेव्हा त्याने दुसरी जबाबदारी उचलली. रोज पहाटे तो सरांना उठवून मैदानावर नेई, पुढे स्वतः धावे आणि मागे वळून सरांना उपदेश करी. न्याहारीला सरांपुढे अळणी अंडं येई. समोर बसून आपल्या अंड्यावर मीठ भुरभुरत पैलवान म्हणे, "भाऊजी, माणसाचा जिभेवर ताबा पाहिजे."

सर खाली मान घालून खात. खरं सांगावं असं रोज त्यांच्या मनात येई, पण त्या वाक्याची सुरुवात कुठून करायची हे त्यांना सुचत नसे.

डॉक्टरबाईंकडे बायको त्यांना धरूनच घेऊन गेली. पैलवानही सोबत होता, पण नियमाप्रमाणे तो खाली स्कूटरपाशीच थांबला. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता.

"एका रिपोर्टवर मी शिक्का मारत नाही. काही दिवसांनी पुन्हा तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर मीठ कमी, साखर ताब्यात, बीपीवर नजर. घाबरू नका सर, वेळेवर सापडलंय. दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेता का मनाने?"

"छे," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मैदान आलं. धावायच्या आधी पैलवान न चुकता गुडघ्यासाठी एक गोळी तोंडात टाकत असे. "औषध नव्हे हो, वंगण आहे," असं तो म्हणत असे.

"समजा," सर म्हणाले, "एखाद्याच्या लघवीतून असंच प्रोटीन जात असेल, त्याला ते माहीतच नसेल, आणि तो रोज दुखण्याची गोळी घेत असेल, तर?"

"तर तो स्वतःच्या हाताने किडनी घालवतोय. कोण घेतंय?"

"नाही, सहज विचारलं."

खाली आल्यावर बायकोने भावाला सगळं सांगितलं. पैलवानाने ते गंभीरपणे ऐकलं. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि रस्त्यावरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "भाऊजी, वेळ आली तर माझी एक किडनी तुम्हाला. दोन्ही ठणठणीत आहेत. कुठलीही घ्या."

बहिणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "दादा," एवढंच ती म्हणाली.

सरांना मात्र एकदम वाट दिसली. किडनी द्यायची तर आधी देणाऱ्याची तपासणी होणार. तपासणी झाली की पैलवानाचा आजार आपोआप बाहेर येणार, आणि डबीचं नाव काढायची वेळच येणार नाही.

"मग उद्याच तपासून घेऊ या," सर म्हणाले.

पैलवानाचा हात छातीवरून खाली आला. "उद्या?"

"चांगल्या कामाला उशीर कशाला."

"अहो, पण अजून तसं काही नाही म्हणाल्या ना डॉक्टरबाई," बायको म्हणाली.

"तयारीत असलेलं बरं. नुसतं रक्त, लघवी आणि बीपी. दुखत नाही काही."

"बघू ना," पैलवान स्कूटरच्या आरशात बघत म्हणाला. "मी शब्दाला पक्का आहे. पण उद्या म्हणजे... उद्या मला जरा काम आहे."

काम असं निघालं, की दुसऱ्या दिवशी पहाटेच तो बॅग भरून आपल्या घरी निघून गेला. भिंती अजून ओल्या होत्या. रंगाच्या वासाची आता सवय केली पाहिजे, असं तो बहिणीला जाताना म्हणाला.

त्या दिवशी बायकोने सरांना पहिल्यांदा सुनावलं. "काही वाटतं का तुम्हाला? तो बिचारा मोठ्या मनाने बोलला आणि तुम्ही लगेच माप घ्यायला निघालात. माझ्या भावाच्या किडनीवर डोळा ठेवून बसला होतात का इतकी वर्षं?"

"मी त्याच्या भल्यासाठीच म्हणत होतो."

"किडनी काढून घेण्यात त्याचं काय भलं?"

याला उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. सरांनी पैलवानाला फोन केले. तो उचलेना. शेवटी त्यांनी लॅबमधून नवी डबी आणली आणि ते मैदानावर गेले. त्यांना बघताच पैलवानाने वेग वाढवला. सरही धावू लागले. एरवी बाकांवर बसून असणारी मंडळी उठून बघू लागली, आणि या वयात काय तब्येत राखलीय दोघांनी, असं आपसांत म्हणू लागली. अखेर पैलवानाच्या गुडघ्याने दगा दिला आणि तो कडेला बसला.

"पैलवान," सर धापा टाकत म्हणाले, "किडनी नको मला. नुसती लघवी द्या."

"आज लघवी मागताय, उद्या किडनी मागाल."

"तसं नाही हो."

"आणि मागे दिली होती की शाळेला. कितींदा द्यायची माणसाने?"

"बरं, निदान ती गुडघ्याची गोळी तरी बंद करा."

"आता गोळीही बघवत नाही का माझी?" असं म्हणून पैलवान वाकला आणि पाय मोकळे करायला त्याने मोजे खाली केले. मोज्याचा वळ घोट्याच्या वर खोल रुतला होता, आणि बराच वेळ झाला तरी तो भरून येईना. सर त्या वळाकडे बघत राहिले. थोरल्या भावाच्या पायांवर असेच वळ असायचे. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं, मोजे घट्ट असतील.

सर तडक घरी आले. "संध्याकाळी दादाकडे जायचंय," ते बायकोला म्हणाले. नवरा माफी मागणार असं तिला वाटलं. तिचा अंदाज बरोबर होता, फक्त कशाची ते तिला माहीत नव्हतं.

पैलवानाकडे सगळ्या खुर्च्यांवर वर्तमानपत्रं पसरलेली होती. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दोन खुर्च्या मोकळ्या केल्या. बायको बसली. सर बसले नाहीत. शाळेत चिठ्ठीसकट सापडलेली मुलं त्यांच्या टेबलासमोर जशी उभी राहत, तसे ते हात मागे घेऊन उभे राहिले.

"तो नमुना शाळेत गेला नाही," ते पैलवानाला म्हणाले.

"कुठला?"

"तुम्ही दिलेला. शाळेत प्रदर्शन नव्हतंच. माझी तपासणी होती. माझी मला भीती वाटली, म्हणून मी तुमची डबी माझ्या नावाने दिली. ते प्रोटीन माझं नाही. तुमचं आहे."

पैलवानाचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मुलांनी बघितलाच नाही?"

"सूज मी केव्हाची सांगतेय," वहिनी मध्येच म्हणाल्या. "सकाळी डोळ्यांखाली येते, संध्याकाळी पायांवर. मला म्हणतात, ती ताकद आहे." आणि मग त्या सरांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "भाऊजी, तुम्हाला संशय आला म्हणूनच तुम्ही हे नाटक केलंत ना? ह्यांना दवाखान्यात नेणं कुणाला जमलं नव्हतं. तुम्ही बरोबर युक्ती काढलीत."

"नाही वहिनी, मी खरंच घाबरलो होतो."

"मोठी माणसं असंच बोलतात," वहिनी म्हणाल्या.

सरांनी आणखी एकदा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितका वहिनींच्या नजरेतला आदर वाढू लागला, तेव्हा त्यांनी नाद सोडला. बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला खरं काय ते नक्की कळलं होतं. परतताना वाटेत ती इतकंच म्हणाली, "तीन आठवडे अळणी जेवलात आणि तोंडातून शब्द काढला नाहीत?"

"कसा काढणार?"

"माझ्यापाशी काढायचा. भीती वाटते म्हणून सांगायचं."

पैलवान अखेर दवाखान्याची पायरी चढला. चढला म्हणजे वहिनींनी मागून ढकलला. बीपी बघताना डॉक्टरबाईंनी यंत्र बदलून पुन्हा बघितलं, कारण पहिल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. ते बीपी कधीपासून वाढलेलं होतं हे सांगायला कुणी साक्षीदार नव्हता. त्यात रोजच्या गोळीची भर. किडनीला इजा झालेली होती, पण अजून काम निभावत होती. गोळी बंद झाली, बीपीची सुरू झाली, पावडर बंद झाली, आणि किडनीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. "आणखी काही महिने असेच धावला असतात, तर कठीण होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सगळे बाहेर गेल्यावर सर मागे थांबले आणि त्यांनी विद्यार्थिनीला सगळं सांगितलं. ती हसेल, निदान रागावेल, अशी त्यांची तयारी होती. तिने दोन्ही केलं नाही. "तुमच्या नावाची तपासणी अजून व्हायचीच आहे, सर," एवढं म्हणून तिने कपाटातून एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

या वेळी सरांनी स्वतःची दिली. रिपोर्ट आला. प्रोटीन होतं, थोडंसं. "सुरुवात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखर सांभाळलीत, मीठ कमी ठेवलंत, गोळ्या वेळेवर घेतल्यात, तर इथेच रोखून धरता येईल." सरांना वाटलं होतं, हे ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकेल. पण जमीन होती तिथेच राहिली. इतके दिवस दुसऱ्याच्या आजारापायी अळणी जेवलेल्या माणसाला आता स्वतःच्या आजारापायी अळणी जेवायचं काही वाटेना.

रविवारी पैलवान आपला रिपोर्ट घेऊन आला आणि सरांच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघू लागला.

"तुमचं एवढंसंच?" तो म्हणाला. "माझं बघा."

मैदानावरही आता तो धावण्याऐवजी चालत असे, आणि भेटेल त्याला थांबवून विचारत असे, "लघवी कधी तपासली होतीत? मी तर स्वतःहून तपासून घेतली."

बायको दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत लावत बसली होती. सर तिच्याकडे बघत होते.

"तुझी शुगर, लघवी कधी तपासली होतीस गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

पैलवानाने सरांकडे बघितलं. हे वाक्य दोघा पुरुषांना चांगलं ओळखीचं होतं. सर उठले, कपाटातून कोरी डबी काढून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"आत्ता नको. मला वेळ कुठे आहे," ती म्हणाली. मग डबीकडे बघत म्हणाली, "तुमचीच द्या ना. नवराबायकोत तुझं-माझं काय असतं?"

"माझ्यात प्रोटीन आहे."

"मग वहिनीची आणा."

सरांनी डबी तिच्याकडे आणखी सरकवली. तिने गोळ्या लावायचं थांबवलं. "आणि माझ्यात काही निघालं तर?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हा दोघांकडे कोण बघणार?"

"आम्ही बघू की तुझ्याकडे," सोफ्यावरून पैलवान म्हणाला.

तिने आधी भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग ती डबी घेऊन उठली. सरांनी तत्परतेने खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"द्या ते इकडे," तिने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नाव माझं मी लिहिते."